स्क्रिप्टची नेमणूक

कार्यालयाचं नाव मी सांगत नाही. हिंगोलीत कार्यालयं पुष्कळ आहेत आणि आमच्यासारखी माणसं प्रत्येकात आहेत. मी तिथं आवक-जावक बघायचो. आलेल्या कागदावर आवकचा शिक्का, जाणाऱ्यावर जावकचा. कागदात काय लिहिलंय ते वाचायची सक्ती नव्हती, त्यामुळं मी ते सगळं वाचायचो.

२००७ सालच्या उन्हाळ्यात मुंबईच्या मुख्यालयाचं एक पत्र आलं. सहा-सात वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या विहिरींची पाहणी झाली होती. एका विहिरीला एक पान: गाव, गट नंबर, मालक, खोली, मे महिन्यात पाणी किती. ही पानं आम्हीच गोण्यांत भरून मुख्यालयाला पाठवली होती. तिथं त्यांचे फोटो काढून ते वेबसाईटवर चढवले गेले. आता पत्रात लिहिलं होतं की प्रत्येक जिल्ह्यानं आपापली पानं वेबसाईटवरून उतरवून घ्यावीत आणि दप्तरी ठेवावीत. म्हणजे आमचेच कागद आम्ही पुन्हा मागून घ्यायचे होते. आमच्या जिल्ह्याची पानं होती सहा हजार चारशे बत्तीस.

भावसिंग राठोड हे आमचे बडे बाबू. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, सबंध नोकरीत एकही ठपका नाही, आणि तो उरलेल्या आठ महिन्यांत लागू नये एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी हिशेब मांडून साहेबांना टिपणी दिली: नव्वद दिवस लागतील, रोज बहात्तर पानं, दोन ऑपरेटर हवेत. त्या गणितात रविवार धरले होते आणि लाईट जाणं धरलं नव्हतं. मंजुरी आली.

नव्वद दिवसांच्या करारावर दोन मुली आल्या. करुणा पाईकराव आखाडा बाळापूरची. तिचे वडील जळबा पाईकराव गवंडीकाम करायचे. तिनं नांदेडला राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. बोलायची कमी, पण एखादी गोष्ट उगाच लांब होत असली की तिच्या कपाळाला आठी पडायची. आमच्या कार्यालयात त्यामुळं ती आठी दिवसभर उतरायची नाही. दुसरी फरहीन, हिंगोलीचीच, कापड दुकानदाराची मुलगी. ती हसरी, बोलकी. घरातून बाहेर पडून नोकरी करणारी त्यांच्या खानदानातली ती पहिली, आणि तीही नव्वद दिवसांपुरतीच. तिच्या अब्बांनी तसं कागद बघूनच कबूल केलं होतं.

काम असं होतं. वेबसाईट उघडायची, तालुका निवडायचा, थांबायचं. गाव निवडायचं, थांबायचं. विहीर निवडायची, थांबायचं. पान उघडलं की ते जपून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं, मग पुन्हा तालुक्यापासून सुरुवात. वेबसाईट प्रत्येक वेळी विसरून जायची की आपण आत्ताच औंढ्यात होतो. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून एकोणतीस पानं उतरवली. बाबू म्हणाले, "हात बसला की होईल."

दुसऱ्या दिवशी करुणा काम सोडून स्क्रीनकडं बघत बसली. मी विचारलं, "काय झालं? बंद पडलं काय?"

"न्हाई, रविभाऊ. पान उघडल्यावर वर त्याचा पत्ता येतो, तो बघून राहिले." तिनं बोट ठेवलं. "हा आकडा तालुक्याचा. हा गावाचा. हा विहिरीचा. विहीर एक, विहीर दोन, विहीर तीन. नुसते आकडेच बदलतेत."

"मग?"

"मग एवढं निवडत बसायची गरज काय? आकडे मोजायला माणूस कशाला लागतो?"

दुपारपर्यंत तिनं नोटपॅडमध्ये काहीतरी लिहिलं. मी मोजलं, अकरा ओळी होत्या. ती त्यांना स्क्रिप्ट म्हणायची. बाजारातली सामानाची यादी याहून मोठी असते. मी विचारलं तेव्हा तिनं मला त्या मराठीत सांगितल्या. पहिल्या तालुक्यापासून शेवटच्या तालुक्यापर्यंत जा. प्रत्येक तालुक्यात पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत जा. गावात विहीर नंबर एकपासून सुरू कर. पान मिळालं तर उतरव, त्याला गावाचं नाव दे. पानं संपली की पुढच्या गावाला जा. लाईट गेली आणि परत आली तर आधी उतरवलेलं पुन्हा उतरवू नको. आणि प्रत्येक पानानंतर पाच सेकंद थांब.

"थांब कशाला?" मी म्हणालो.

"पलीकडंही एक मशीनच हाय की. आपुन एकट्यानंच तिला धरून बसलो तर बाकीच्या जिल्ह्यांनी काय करावं?"

सरकारी कामात दुसऱ्या जिल्ह्याचा विचार झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पहिल्यांदा जमलं नाही. दीड तासात नऊशे पानं उतरली म्हणून फरहीननं टाळ्या वाजवल्या. करुणानं उघडून बघितलं तर नऊशेच्या नऊशे पानांवर एकच वाक्य होतं: "आपण मागितलेले पान सापडले नाही." गावाच्या आकड्यापुढं एक शून्य राहिलं होतं, आणि नसलेल्या पानाऐवजी वेबसाईट दरवेळी एक दिलगिरी पाठवत होती. ती दिलगिरी स्क्रिप्टनं इमानदारीनं जपून ठेवली होती. करुणानं शून्य घातलं, "पान एवढ्यापेक्षा लहान असेल तर ते धरू नको" असा बंदोबस्त केला आणि पुन्हा चालू केलं.

या वेळी खरी पानं यायला लागली. औंढा झालं, कळमनुरी झालं. लाईट जायची, यायची. स्क्रिप्ट जिथं थांबली तिथून उठायची. दोघी बाजूला बसून उतरलेली पानं उघडून तपासायच्या, पुसट असेल त्याची यादी करायच्या. पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास हिंगोली तालुक्यातलं शेवटचं पान उतरलं. करुणानं मशीनला पुन्हा मोजायला लावलं. सहा हजार चारशे बत्तीस.

ती उठून बाबूंच्या टेबलापाशी गेली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी नव्हती.

"बाबूजी, झालं."

"आजचं झालं?"

"सगळं झालं. सगळी पानं उतरली."

बाबूंनी चष्मा काढला. "सगळी म्हंजे?"

"सहा हजार चारशे बत्तीस. तपासून पण झाली."

"कोणी उतरवली?"

"स्क्रिप्टनं."

बाबूंनी खोलीत नजर फिरवली, जणू कुणी नवीन माणूस दारात उभा असेल. मग हळू आवाजात विचारलं, "स्क्रिप्टची नेमणूक कोणी केली?"

करुणा हसली. तिला वाटलं बाबू मस्करी करून राहिले. बाबूंनी त्यांच्या नोकरीत मस्करी केलेली नव्हती.

"पत्रात बराबर लिहिलंय," ते म्हणाले. "'ऑपरेटरमार्फत डाउनलोड करून घ्यावे.' ऑपरेटर तुमी दोघी. तुमी नव्वद दिवस बसणार म्हणून मंजुरी आली. उद्या कोणी विचारलं की हे पान कोणी, कधी, किती वाजता उतरवलं, तर म्या कोणाची सही दाखवू?"

"पानं तर बरोबर हायत ना, बाबूजी?"

"पानं बरोबर असून भागत न्हाई, पोरी. पद्धत बरोबर लागते."

प्रकरण साहेबांकडं गेलं. साहेब बाहेरगावचे, बदलीची वाट पाहणारे, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी आमच्या खोलीत येऊन पानं उघडून बघितली, चार-दोन ठिकाणी "वा" म्हणाले. मग बाबूंनी त्यांच्या कानाशी लागून काही सांगितलं आणि साहेबांचा चेहरा बदलला.

"मॅडम, काम उत्तम आहे," ते करुणाला म्हणाले. "पण विचार करा. आपण नव्वद दिवस मागितले. पाच दिवसांत झालं असं कळवलं, तर मुख्यालय विचारणार की नव्वद कशाला मागितले. आणि पुढच्या कामाला पाच तास देणार. शेजारच्या जिल्ह्यांनी एकशेवीस दिवस मागितलेत, त्यांनी तोंड कुठं लपवायचं?"

"मग आता काय करायचं, सर?"

"ही पानं सीडीवर घेऊन कपाटात ठेवा. सुरक्षित असू द्या. आणि काम नियमाप्रमाणं सुरू करा."

"कोणतं काम?"

"डाउनलोडचं."

करुणानं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या शिक्क्याच्या शाईकडं बघितलं. तिथंच मी बोलायला हवं होतं. पण बाबू म्हणाले, "रविंद्र, एक नोंदवही आखून दे," आणि मी निमूट आखून दिली. अनुक्रमांक, तालुका, गाव, विहीर, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, ऑपरेटरची सही. सात रकाने. रेघा अगदी सरळ आल्या होत्या, त्याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं.

बाहेर व्हरांड्यात करुणा फरहीनला म्हणाली, "मी उद्यापासून येत न्हाई. केलेलं काम पुन्हा करायला मला लाज वाटती."

फरहीन एरवी हसायची, ती त्या वेळी हसली नाही. "तू जाशील गं. तुला नांदेड हाय, पुणं हाय. मला नव्वद दिवस हायत. अब्बांनी कागद बघून मोजून दिलेत. काम पाच दिवसांत संपलं असं घरी कळलं, तर सहाव्या दिवशी मी घरात. तुझ्या स्क्रिप्टनं माझे पंच्याऐंशी दिवस खाल्ले, करुणा. तुला तकलीफ होते, मला मालूम हाय. पण थांब."

करुणा थांबली. दोन सीड्या कपाटात गेल्या, आणि दोघी पुन्हा तालुका निवडायला लागल्या.

पुढचा दीड महिना मी रोज तो प्रकार समोर बघत होतो. जे पान कपाटात पडलंय तेच पान दूरच्या मशीनकडून मागायचं, थांबायचं, आलं की वेळ लिहायची, सही करायची. क्रम अक्षरांचा ठरला होता: औंढा, कळमनुरी, वसमत, सेनगाव, हिंगोली. करुणाचा हात इतका बसला की ती न बघता टिचक्या मारायची. बाबू समाधानानं म्हणायचे, "बघा, म्या म्हणलं नव्हतं? हात बसला."

धुरपताबाई आली ती याच दिवसांत. सेनगाव तालुक्यात पुसेगावच्या पलीकडल्या खेड्यातली, साठीच्या आसपासची. आमच्यासाठी ती नवी नव्हती. दोन वर्षांपासून ती दर महिन्या-दोन महिन्यांनी यायची आणि मी तिला सांगायचो, "कागद मुख्यालयाला गेलेत, मावशी." तिचा नवरा वारला होता. शेतात एक विहीर, तिच्यावर दोघा भावांच्या दोन मोटरी. नवरा गेल्यावर दीर म्हणाला, विहीर माझ्या एकट्याची, तुझ्या घरवाल्याचा तिच्यात हिस्सा नव्हताच. हिच्या मोटरीचं कनेक्शन त्यानं तोडून टाकलं. तहसिलात तिला सांगितलं होतं की पाहणीचं पान असेल तर ते शिक्क्यासह आण.

त्या दिवशी बाबूंनी तिला नवीन उत्तर दिलं. "आता आनंदाची गोष्ट हाय, बाई. पानं येऊन राहिली. सध्या वसमत चालू हाय. सेनगावचा नंबर पुढच्या महिन्यात लागंल. मग या."

धुरपताबाई "बरं" म्हणाली. दोन वर्षं बरं म्हणणारीला एक महिना जड नव्हता. पाणी प्यायला ती करुणाच्या टेबलापाशी टेकली आणि आपणहून बोलायला लागली. "त्या टायमाला एक मास्तर आलता, माय, मोजाया. इहिरीत दोर सोडला त्यानं. आमच्या घरी च्या पिला. यांनी सही केली त्या कागदावर. म्या सोता बघितली. सही करता यायची त्यांना."

करुणानं बाबूंच्या खुर्चीकडं बघितलं. बाबू साहेबांकडं आत गेले होते. ती उठली, कपाट उघडलं, सीडी लावली. मिनिटभरात प्रिंटर घुरघुरला.

पान समोर धरून तिनं वाचून दाखवलं. गट नंबर, खोली बेचाळीस फूट, मे महिन्यात पाणी सात फूट. मालक: दोघे भाऊ, सामाईक, निम्मे निम्मे. खाली दोन्ही भावांच्या सह्या.

"यांची कोणची?" धुरपताबाईनं विचारलं.

करुणानं तिचं बोट धरून त्या सहीवर ठेवलं. वाकडी अक्षरं, शेवटचं अक्षर ओळीच्या खाली घसरलेलं. बाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "ह्यो कागद मंबईहून कवा आला, लेकी?"

करुणाला खोटं बोलता आलं नाही. "दीड महिना झाला, मावशी."

"मंग मला काहून सांगलं न्हाई?"

करुणा ते पान घेऊन माझ्याकडं आली. तिनं ते टेबलावर ठेवलं. नोंदवहीप्रमाणं ते पान अजून जगात नव्हतं. मी जावकचा नंबर टाकला, शिक्का मारला, कोपऱ्यात सही केली. माझ्या नोकरीत मी एवढीच एक गोष्ट स्वतःच्या डोक्यानं केली असेल. आणि तीही करुणानं कागद पुढं ठेवला म्हणून.

धुरपताबाई बोलक्या स्वभावाची निघाली. पुढच्या सोमवारी आमच्या दारात अकरा माणसं होती. त्यातले दोघे जवळा बाजारचे, त्यांना तर ही खबर आठवडी बाजारात मिळालेली. सगळे एकच विचारत होते: "ती पाईकराव बाई कुठं बसती? विहिरीचा कागद लगेच देती ती."

बाबूंचा चेहरा उतरला. त्यांनी माणसांना घालवलं, कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, आणि साहेबांच्या सहीनं करुणाला कारणे दाखवा नोटीस काढायचं ठरलं. अडचण एवढीच होती की आमच्या कार्यालयात मराठी टायपिंग येणाऱ्या दोघीच होत्या. फरहीन त्या दिवशी रजेवर होती.

तेव्हा बाबू करुणाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि त्यांनी तिची नोटीस तिलाच सांगितली. "लिही. 'आपण विहित अनुक्रम डावलून, मंजूर पद्धतीव्यतिरिक्त अन्य मार्गाने, मुदतीपूर्वी काम पूर्ण केल्याचे निर्दशनास आले आहे.'"

"निदर्शनास, बाबूजी," करुणा टाइप करता करता म्हणाली.

"काय?"

"'निर्दशनास' न्हाई, 'निदर्शनास'."

"कर, कर. बराबर कर." बाबू थोडे ओशाळले. "मनाला लावून घेऊ नको, पोरी. माझे सहा महिने राहिलेत. कागद काढला की मी सुटलो. तूही उत्तर दे, तूही सुटशील."

तिनं प्रिंट काढली, साहेबांची सही झाली, मी जावकचा शिक्का मारला आणि तिच्याच हातात दिली. धुरपताबाईच्या पानावर शिक्क्याखाली सही माझी होती. त्या अकरा माणसांना तिनं माझं नाव सांगितलं नाही, बाबूंनाही नाही. मीही पुढं होऊन सांगितलं नाही. तिनं उत्तर लिहिलं, एकच ओळ: "काम पूर्ण केले हे खरे आहे." ते उत्तर स्वीकारावं की नाकारावं हे ठरेना, म्हणून ते फाइलीत राहिलं.

एकसष्टाव्या दिवशी सकाळी वेबसाईट उघडली नाही. "दुरुस्तीचे काम सुरू आहे" अशी पाटी आली. दुसऱ्या दिवशीही तीच. आठवडाभरानं मुख्यालयाचा फॅक्स आला. तिथल्या मशीनची डिस्क जळाली होती. दुसरी प्रत ठेवायची राहून गेली होती. मूळ कागद, फोटो काढून झाल्यावर, जागेअभावी नष्ट केले होते. कोणत्या जिल्ह्यानं किती पानं उतरवून घेतली ते तातडीनं कळवावं.

साहेबांनी बाबूंना आत बोलावलं. मी फॅक्स घेऊन दारात उभाच होतो.

"राठोड, आपल्याकडं किती?"

"नोंदवहीप्रमाणं दोन हजार आठशे चौऱ्याहत्तर, साहेब."

"आणि नोंदवही सोडून?"

बाबूंनी खाली बघितलं. "समदी."

साहेब उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दार लावलं. दार उघडलं तेव्हा आमचा जिल्हा राज्यात पहिला आला होता. शंभर टक्के. कुठं निम्मी पानं वाचली, कुठं चौथाई. एका जिल्ह्यात तर ऑपरेटरची नेमणूकच अजून चालू होती.

मुख्यालयानं अभिनंदन केलं आणि सीड्यांसोबत नोंदवहीची प्रत मागवली.

आता खरी अडचण आली. नोंदवहीत दोन हजार आठशे चौऱ्याहत्तर नोंदी आणि सीडीवर सहा हजार चारशे बत्तीस पानं. वेबसाईट बंद पडल्यावर तर कुणाला काही उतरवता येणार नव्हतं. म्हणजे बाकीच्या नोंदी त्या साठ दिवसांतच बसवायच्या होत्या. जुन्या नोंदवहीत जागा नव्हती. बाबू म्हणाले, नवीन लिहा. पहिल्यापासून.

करुणानं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "बाबूजी, नोंदींची पण स्क्रिप्ट लिहू का?"

बाबूंनी क्षणभर खरंच विचार केला. "सही कशी करंल ती?"

मग आम्ही तिघं बसलो. करुणा, फरहीन आणि मी. एक-एक पान कल्पनेनं उतरवायचं: दहा वाजून चार मिनिटांनी सुरू, दहा वाजून सात मिनिटांनी पूर्ण. दोन दिवसांतच कळलं की खोटं लिहिणं हेही कष्टाचं काम आहे. फरहीन मध्येच ओरडायची, "अगं थांब, त्या मंगळवारी दोन ते पाच लाईट नव्हती! तिथं काहून उतरवून राहिली?" मग ते पान फाडायचं. शेवटी लाईट जाण्याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं आणि त्याच्या फटींतून विहिरी बसवल्या. एका दिवशी करुणाच्या नावावर जेवणाच्या सुट्टीतही अकरा विहिरी पडल्या, तेव्हा तिला हसू आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती बाहेर जाऊन तोंड धुऊन आली.

पानं उतरवायला स्क्रिप्टला पाच दिवससुद्धा लागले नव्हते. ती माणसांनीच उतरवली हे सिद्ध करायला आम्हाला एकोणीस दिवस लागले. नव्वदाव्या दिवशी शेवटची सही झाली. फरहीनचे नव्वद दिवस पुरे भरले.

साहेबांना विभागीय बैठकीत प्रशस्तिपत्र मिळालं. त्यात "अखंड मानवी परिश्रम" असे शब्द होते. बदलीही मनासारखी झाली. बाबू ठपक्याशिवाय निवृत्त झाले. धुरपताबाईच्या दिरानं पानावरची स्वतःचीच सही बघून वाद सोडला आणि तिची मोटर पुन्हा सुरू झाली. ते सांगायला ती आली तेव्हा करुणा कार्यालयात नव्हती. करार संपला होता. कराराला मुदतवाढ मिळाली नाही, कारण काम पूर्ण झालं होतं.

फरहीन पुढं कळमनुरीच्या एका शाळेत मुलींना कॉम्प्युटर शिकवायला लागली. अब्बांनी या वेळी दिवस मोजले नाहीत.

जाताना करुणानं अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं होतं. ते नोंदवहीला धरूनच द्यावं लागलं. "यांनी सहकाऱ्यासह ६,४३२ पाने एक-एक करून स्वहस्ते डाउनलोड केली," असं त्यावर नवीन साहेबांच्या सहीनं लिहिलं गेलं. शिक्का मीच मारला.

दिवाळीनंतर तिचा पुण्याहून फोन आला. एका कंपनीत मुलाखत देऊन आली होती.

"समोरचा माणूस माझ्याच वयाचा, रविभाऊ. त्यानं प्रमाणपत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मला म्हणला, 'मॅडम, साडेसहा हजार फाइली हातानं? एखादी छोटी स्क्रिप्ट लिहावी असं सुचलं नाही का तुम्हाला?'"

मी विचारलं, "मग तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, सुचलं होतं, परवानगी नव्हती. तो हसला. त्याला खोटं वाटलं."

"मग? घेतलं का न्हाई?"

"घेतलं की. पण स्क्रिप्टच्या कामाला न्हाई. दिवसभर एका यादीतून दुसऱ्या यादीत नावं चढवायची असतेत, त्या कामाला. म्हणले, एवढा धीर असलेलं माणूस आम्हाला मिळत नव्हतं."

नोटीस, नोंदवही, प्रमाणपत्र, सगळ्यावर माझाच शिक्का होता. मी म्हणालो, "करुणा, माझं चुकलं. मी तेव्हा..."

"जाऊ द्या, रविभाऊ. जेवलात का?"

पुढं सहा-सात महिन्यांनी ती सुट्टीत गावी आली, तेव्हा कार्यालयात डोकावली. चांगली दिसत होती. बाबूंच्या जागेवर आता दुसरे बाबू होते. त्यांना ती कोण ते माहीत नव्हतं. मी बाहेरून चहा मागवला आणि विचारलं, "काय मग, अजून नावंच चढवते का दिवसभर?"

"दिवसभर न्हाई." तिनं आवाज खाली आणला. "पहिल्याच महिन्यात स्क्रिप्ट लिहिली. सकाळी लावते, अकरापर्यंत सगळं होतं. मग संध्याकाळपर्यंत अभ्यास करते. परीक्षा दिली मागच्या महिन्यात. पास झाले तर प्रोग्रामिंगच्या विभागात घेतील."

"आणि ही स्क्रिप्टची गोष्ट सांगितली तिथल्या साहेबांना?"

करुणानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं ती पहिल्या आठवड्यात वेबसाईटकडं बघायची.

"येडी हाय का मी?"